चीक

दंडाला पट्टा आवळून सिस्टर तुस्कानो म्हणाल्या,
एकशे चाळीस, नव्वद. बोलू नकोस. डावीकडे वळ.
मी वळले.
भिंतीला पालिकेचा फिकट हिरवा रंग,
त्यात कुणाकुणाच्या नखांनी ओढलेल्या रेघा.
मोजल्या. सतरा.
अठरावी मी ओढली, पहाटे तीनला.

कळ येते म्हणतात, पाहुणी यावी तशी.
माझी आली नाही. ती आधीपासून घरातच होती,
मलाच हळूहळू बाहेर काढत होती.

पडद्यापलीकडे मेहरुन्निसा अम्मीला हाका मारत होती,
अलीकडे मी आईला.
दोघींच्या आया बाहेरच्या बाकावर
एकाच बाटलीतलं पाणी पीत होत्या, हे नंतर कळलं.

बाळ आलं. मग वार.
मग सिस्टरांचा हात बेंबीखाली, चोळत, दाबत,
नारळासारखं घट्ट झालं पाहिजे हे.
मऊ राहिलं तर रक्त थांबत नाही.
त्या पोटाकडे बघत होत्या, मी त्यांच्या तोंडाकडे.
किती वेळ, माहीत नाही.
पंख्याचा एक पाता वाकडा होता.
झाला नारळ, म्हणाल्या शेवटी,
आणि मला हसू फुटलं.
तिथे हसायचं नसतं हे टाक्यांच्या वेळी समजलं.

तासाच्या आत तिला छातीवर ठेवलं.
ओली, कानांवर लव, रागावलेली.
वीज गेल्यावर भिंतीवर बटण चाचपावं
तसं तोंडाने चाचपत होती.
सापडलं.
ओढ वर, कळ खाली.
कुणीच सांगितलं नव्हतं
की नाळ कापल्यावरही पोट तिचंच ऐकतं.

दहाला सासूबाई आल्या.
डब्यात अळिवाची खीर, फडक्यात मधाची बाटली.
जोगेश्वरीला त्यांचं दुधाचं दुकान.
तबेल्यात म्हैस व्यायली की पहिला चीक त्यांच्याकडे येतो.
गूळ, वेलदोडा, वाफ, ताटात थापून वड्या.
दुपारच्या आत खरवस संपतो,
उशिरा आलेलं गिऱ्हाईक भांडून जातं.

माझ्या पदरावरचा पिवळा डाग बघून म्हणाल्या,
हे पिळून टाक मोरीत. जड असतं.
तीन दिवस मध चाटवू.

सिस्टर समोरच्या खाटेचं सलाईन बदलत होत्या.
वळल्यासुद्धा नाहीत.
आजी, म्हशीचा किलोने विकता
आणि सुनेचा मोरीत?

वॉर्डात कुणीतरी फिसकन हसलं.
सासूबाई बाटलीचं झाकण घट्ट करत राहिल्या.
ते घट्टच होतं.

मग बऱ्याच वेळाने, खिडकीकडे बघत,
विजूच्या आधी एक होती.
तिचा आम्ही टाकला. तीन दिवस.
मध चाटवला. चांगला होता, महाबळेश्वरहून आणलेला.
पाचव्या दिवशी
.
खिरीवर साय धरली होती.
बारशाच्या घुगऱ्या भिजत घातल्या होत्या, म्हणाल्या.
त्यांचं काय केलं ते आठवत नाही.

सिस्टर आल्या. उभ्या राहिल्या.
मधामुळेच, असं त्या म्हणाल्या नाहीत.
तसं नसेल, असंही नाही.
चमचा दिला फक्त, उकळलेला, गरम.

सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले,
चिकाच्या भांड्याला लावण्याआधी धुतात तसे.
माझ्याजवळ बसल्या.
बोटं आधी मागे, छातीकडे. मग दाब.
ओढायचं नाही गं, ओढलं की जनावरही लाथ मारतं.
दुकानात काट्याकडे बघतात
तशा चमच्याकडे बघत होत्या.

एक थेंब.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक.

चमचा तिच्या ओठाला टेकवला त्यांनी,
रिता झाल्यावरही टेकवूनच ठेवला.

मधाची बाटली खिडकीतच राहिली.
तिसऱ्या दिवशी घरी निघालो तेव्हा
तिला मुंग्या लागल्या होत्या.